फोर स्ट्रोक इंजिन उलटं बसवताय? आधी इंधन कुठे उतरतं ते बघा

पडवीत आंब्याच्या दोन रिकाम्या पेट्यांवर माझं रेडिओवर उडणारं मॉडेल विमान पालथं टाकून मी नाकात इंजिन बसवत होतो, तेवढ्यात शेजारचे काका आले. काकांचं अर्धं आयुष्य मालवणात मासेमारीच्या लाँचींची डिझेल इंजिनं खोलण्यात गेलंय. विमान पालथं असल्यामुळे इंजिन त्या घडीला सरळच दिसत होतं, पण चाकं आभाळाकडे आहेत हे बघून त्यांनी बरोबर ओळखलं आणि म्हणाले, "ह्यां इंजान उलटां कित्याक बसयतस रे? तेल सगळां टकलेत उतरतलां मगे."

काकांनी ग्लो इंजिन (मॉडेल विमानाचं छोटं इंजिन, ज्यात ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने इंधन पेटतं) आयुष्यात कधी हातात घेतलेलं नाही, तरी मुद्दा एका वाक्यात सांगून मोकळे. टकली म्हणजे डोकं, इंजिनाचं हेड. इंजिनाला स्वतःला उलटं काय नि सुलटं काय, पिस्टन, व्हॉल्व, कॅम सगळे आपापल्या जागी बंदिस्त, ते फिरत राहतात. फरक पडतो तो आत जी पातळ वस्तू आहे तिला, म्हणजे इंधनाला आणि त्यातल्या तेलाला, कारण ती उताराकडे जाणार. उलट्या इंजिनाच्या बहुतेक तक्रारी, म्हणजे बंद पडतं, चालू होत नाही, प्लग ओला होतो, रॉड वाकतो, ह्या सगळ्या फिरून तिथेच येतात. म्हणून मी आज नुसतं "असं करा, तसं करा" न सांगता इंधन कुठून कुठे जातं तेच जरा सावकाश सांगतो.

आधी उलटं कशाला बसवायचं ते. माझं विमान एचटी-२ चं आहे, १/६ मापाचं. एचटी-२ म्हणजे हिंदुस्तान एअरक्राफ्टचं शिकाऊ वैमानिकांसाठीचं विमान, डिझाइन डॉ. वि. मा. घाटगे ह्यांच्या हाताखाली झालेलं, १९५१ साली पहिल्यांदा उडालं. मूळ विमानाचा पंख टोकापासून टोकापर्यंत साधारण १०.७ मीटर, म्हणजे माझा होतो १७८ सेंटिमीटरच्या आसपास. ह्या विमानात सिरस मेजर नावाचं १५५ हॉर्सपॉवरचं चार सिलिंडरचं इंजिन होतं आणि ते मुळातच उलटं होतं! क्रँकशाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) वर, सिलिंडर खाली लोंबणारे. टायगर मॉथमधलं जिप्सी मेजरही असंच. कारण सोपं आहे, क्रँक वर गेला की पंखा, म्हणजे प्रोपेलर, वर जातो, मग चाकांचे पाय फार लांब करावे लागत नाहीत, आणि नाकाचा वरचा भाग सडपातळ राहतो म्हणून वैमानिकाला पुढचं दिसतं. त्यामुळे काकांना मी सांगितलं की खऱ्यालाही उलटंच होतं, तर ते म्हणाले मग खऱ्यालाही त्रास होत असतलो. आणि ते खरंच आहे, उलट्या सिलिंडरांत तेल उतरून बसतं म्हणून सुरू करण्याआधी मेकॅनिक लोक पंखा हाताने फिरवून बघतात, कुठे अडतोय का. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मॉडेलमध्ये मुख्य कारण दिसण्याचं. इंजिन सरळ बसवलं तर हेड काऊलच्या (नाकावरच्या झाकणाच्या) वर ठोंब्यासारखं बाहेर येतं, छान रंगवलेल्या विमानाच्या नाकावर फोड आल्यासारखं दिसतं. उलटं बसवलं की सगळं काऊलच्या पोटात, सायलेन्सरचं तोंड खाली, आणि तेलाचे शिंतोडे पंखावर न पडता पोटाखालून मागे जातात. हा फायदा ज्याने दर रविवारी पंख पुसलेत त्यालाच कळेल.

आता इंजिन. ग्लो इंजिनात पेट्रोल नसतं आणि ठिणगीचा स्पार्क प्लगही नसतो. इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात वंगणाचं तेल साधारण १८ ते २० टक्के (थोडं एरंडेल, बाकी सिंथेटिक) आणि १०-१५ टक्के नायट्रोमिथेन. जळलेल्या एरंडेलाचा तो वास नाकात बसला की माणूस ह्या छंदातून सुटत नाही, लहानपणी आजीने नाक दाबून पाजलं होतं तेच हे तेल आता पैसे मोजून आणतो. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक स्प्रिंगसारखी तार असते. सुरुवातीला तिला दीड व्होल्टच्या आसपासची बॅटरी लावून लाल करायची, इंजिन चालू झालं की बॅटरी काढायची, तरी तार लाल राहते. कारण एक तर दाबाची आणि जळण्याची उष्णता मिळते, आणि दुसरं म्हणजे मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की तिथे रासायनिक क्रिया होऊन तार आणखी तापते. म्हणजे ही तार विस्तवातल्या निखाऱ्यासारखी आहे, फुंकर मिळत राहिली तर फुलते, पाणी पडलं की विझते. इथे पाण्याच्या जागी ओलं इंधन.

फोर स्ट्रोकमध्ये ह्या निखाऱ्याचे हाल जास्त. टू स्ट्रोक प्रत्येक फेऱ्याला एकदा पेटतं, फोर स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा. आयडलला (इंजिन सगळ्यात हळू चालतं तेव्हा) २२०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, धरले तर फोर स्ट्रोकमध्ये मिनिटाला ११०० वेळा जाळ, म्हणजे सेकंदाला अठराएक. मधल्या रिकाम्या फेऱ्यात प्लग थंड होत असतो. म्हणूनच फोर स्ट्रोकसाठी वेगळा, उष्णता धरून ठेवणारा प्लग येतो, ओएसचा टाइप एफ सगळ्यांना माहीत आहे. (ओएस म्हणजे ओसाकाची जपानी कंपनी, १९३६ पासूनची, आणि १९७६ मध्ये त्यांनी एफएस-६० काढलं तेव्हापासून मॉडेलवाल्यांच्या हातात फोर स्ट्रोक खऱ्या अर्थाने आलं.) प्लगच्या बाबतीत कंजुषी करून टू स्ट्रोकचा थंड प्लग उलट्या फोर स्ट्रोकला लावू नका, आयडलला दगा देणार म्हणजे देणारच.

आता काकांच्या वाक्याचा गाभा. बऱ्याच फोर स्ट्रोकमध्ये कार्ब (कार्ब्युरेटर, जिथे इंधन हवेत मिसळतं) सिलिंडरच्या बाजूला नसतो, मागे क्रँककेसच्या (क्रँक फिरतो त्या डब्याच्या) पाठीशी असतो आणि तिथून एक इनटेक पाईप हेडकडे जातो. इंजिन सरळ असताना कार्ब खाली, हेड वर. म्हणजे कार्बमधून थेंब गळला तर तो पाईपमध्ये वर चढणार नाही, खाली जमिनीवर पडेल, फारतर तुमची चप्पल ओली होईल. आता हेच उलटं करा. कार्ब वर, हेड खाली, आणि पाईप उताराचा! कौलावरून पन्हळीत आणि पन्हळीतून खाली, अगदी तसं कार्बमधून गळलेलं इंधन पाईपातून सरळ इनटेक व्हॉल्वपाशी. व्हॉल्व उघडा असेल तर सिलिंडरच्या आत. बंद असेल तर पाईपातच साचून राहणार, आणि तुम्ही पंखा फिरवलात की एका घोटात आत. आणि हेड खाली असल्यामुळे आत गेलेलं इंधन कुठे जमतं? हेडच्या वाटीत. आणि प्लग कुठे आहे? त्याच वाटीत.

म्हणजे दोन त्रास. थोडं इंधन गेलं तर प्लग भिजतो, इंजिन चालू होत नाही किंवा आयडलला फुस्स होऊन बंद पडतं. हा बारका त्रास. जास्त गेलं तर मोठा त्रास, हायड्रोलिक लॉक. हवा दाबली जाते, पातळ वस्तू दाबली जात नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा ज्यांच्या गाड्या बुडाल्या त्यांना मेकॅनिक काय सांगतो, सेल मारू नका, आधी पाणी काढू. का, तर सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल मारला तर पिस्टन वर येऊन पाण्याला थडकतो, पाणी जागा सोडत नाही, मग मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. इथे तेच, फक्त पाण्याऐवजी मिथेनॉल. आणि किती लागतं माहितेय? माझं इंजिन ०.७० क्युबिक इंचाचं, म्हणजे साडेअकरा सीसी. दाब आठ-नऊ पट धरला तर पिस्टन पूर्ण टोकाला गेल्यावर उरणारी जागा एक-दीड सीसी. चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा इंधन आत असलं की संपलं.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. मागच्या हिवाळ्यात देवगडकडच्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या मोकळ्या पठारावर, सकाळी सातला पोचलो. आम्ही सकाळीच उडवतो, कारण तोवर मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे, अंगाला लागतो न लागतो इतका, आणि अकरानंतर खारा वारा उठला की तो सड्यावर आडवातिडवा खेळतो. विमान जोडलं, टाकी काठोकाठ भरली आणि मग भाचा म्हणाला मामा चहा थंड होतोय. बसलो कातळावर चहा नि खाजं खात, दहा-बारा मिनिटं सहज. विमान चाकांवर उभं, टाकी भरलेली, इंधनाची नळी मोकळी, थ्रॉटल उघडा. उठलो, प्लगला बॅटरी लावली आणि इलेक्ट्रिक स्टार्टर स्पिनरवर (पंख्याच्या पुढच्या टोपीवर) टेकवला. "टक्" असा एकच आवाज. मोठा नाही, वालाची शेंग मोडावी तेवढाच. पंखा जागेवर थांबला, स्टार्टर हातात फिरला. प्लग काढला तर पचकन इंधन बाहेर. घरी येऊन मागचं झाकण खोललं तर रॉड इतका नीट वाकलेला होता की कुणी मुद्दाम वाकवलाय असं वाटावं. नवा रॉड यायला दोन महिने गेले, तोवर आंब्याचा सीझन सुरू झाला आणि विमान माळ्यावर. चूक सगळी माझी, भाच्याला उगाच चहावरून ऐकवलं.

चहा पिताना नेमकं काय घडलं ते बघू. टाकीचा मध्य कार्बच्या स्प्रेबारच्या रेषेत असावा, किंवा पाच-सात मिलिमीटर, फारतर एक सेंटिमीटर खाली असावा, हा सगळ्या ग्लो इंजिनांचा नियम. (स्प्रेबार म्हणजे कार्बच्या आतली ती आडवी नळी जिच्यातून इंधन फवारलं जातं.) पण मध्य रेषेत असला तरी टाकी भरलेली असताना इंधनाची पातळी मध्याच्या वर असते ना. माझी टाकी उभी पाच सेंटिमीटर आहे, म्हणजे काठोकाठ भरल्यावर पातळी स्प्रेबारच्या दोन-अडीच सेंटिमीटर वर. झाला सायफन. सरळ इंजिनातही हे होतं, पण तिथे ते जमिनीवर गळून तुम्हाला कळतं, उलट्यात ते गुपचूप आत जातं आणि बाहेर एक थेंब दिसत नाही.

म्हणून टाकीची उंची अंदाजाने ठरवू नका. आणि "उलटं केलं की टाकी अमुक इतकी खाली घ्या" असा एकच आकडा कुणी सांगितला तर तो पण घेऊ नका, कारण प्रत्येक इंजिनाचा कार्ब वेगळ्या जागी असतो. काहींचा स्प्रेबार जवळपास क्रँकच्या रेषेतच असतो, त्याला उलटं केल्याने फार फरक पडत नाही, काहींचा चांगला दीड-दोन सेंटिमीटर सरकतो. मी काय केलं, गवंडी भिंतीची लेव्हल काढायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतो ना, तीच युक्ती. इंजिन माउंटवर तात्पुरतं उलटं बसवलं, बॉडी उडताना असते तशी आडवी टेकवली, म्हणजे शेपटीखाली ठोकळे लावून, कारण एचटी-२ शेपटीचाकाचं आहे आणि जमिनीवर त्याचं नाक वर असतं. मग सलाईनची नळी पाण्याने भरून एक टोक स्प्रेबारपाशी धरलं, दुसरं फायरवॉलच्या (इंजिन जिला बसतं त्या फळीच्या) मागे टाकीच्या खणात नेलं. पाणी जिथे थांबलं तिथे पेन्सिलची रेघ. त्या रेघेच्या पाच मिलिमीटर खाली टाकीचा मध्य. पाच मिनिटांचं काम आणि भांडणाला जागा नाही. रेघ मारल्यावर कळलं की माझी टाकी १८ मिलिमीटर जास्त उंचावर होती, आणि मी वर्षभर नीडलला (इंधन कमी-जास्त करायच्या स्क्रूला) दोष देत होतो.

टाकी खाली घ्यायला खणाचा तळ कापावा लागला, बाल्साचं हलकं लाकूड आहे, कापला. टाकीभोवती फोम घालाच, नाहीतर थरथरीने आत फेस येतो, नळीत बुडबुडे जातात आणि इंजिन हवेत असताना लीन होतं, म्हणजे इंधन कमी पडतं. सायलेन्सरवरून टाकीला प्रेशर लाइन, म्हणजे तिथला दाब टाकीत नेणारी नळी, द्या. फोर स्ट्रोकला सायलेन्सरचं प्रेशर टू स्ट्रोकइतकं भरघोस मिळत नाही, पण जेवढं मिळतं तेवढं नीडलचं सेटिंग स्थिर ठेवायला उपयोगी पडतं.

आणि चहाच्या प्रकरणानंतर माझी सवय अशी झालीय की टाकी सगळ्यात शेवटी भरायची, भरताना थ्रॉटल पूर्ण बंद, कार्बकडे जाणाऱ्या नळीला चिमटा. कपडे वाळत घालायचा नको, तो पकडत नाही, दवाखान्यात असतो तसला लॉकचा चिमटा. चिमट्याला लाल रिबिन बांधलीय, नाहीतर चिमटा तसाच ठेवून विमान सोडणारा मीच असणार. सुरू करण्याआधी प्लगची बॅटरी न जोडता पंखा हाताने सावकाश दोन-चार फेरे फिरवायचा. फोर स्ट्रोकमध्ये दर दुसऱ्या फेऱ्याला दाब लागतो, तो मऊ लागला पाहिजे, रबरासारखा. दगडासारखा अडला तर तिथेच थांबा, जोर लावू नका, प्लग काढा, विमान चाकांवरच राहू दे, म्हणजे हेड खाली असल्याने इंधन प्लगच्या भोकातून आपोआप बाहेर येतं. हा उलट्या इंजिनाचा एक छोटा फायदा म्हणा. खऱ्या विमानाचे मेकॅनिक पंखा हाताने फिरवून बघतात म्हणालो होतो, ते हेच. इलेक्ट्रिक स्टार्टर ह्या परीक्षेनंतरच. स्टार्टरला अडणं कळत नाही, हाताला कळतं.

प्राइम करायचं असेल, म्हणजे सुरू करण्याआधी इंधन कार्बपर्यंत ओढून घ्यायचं असेल, तर विमान पालथं करा. हे ऐकायला विचित्र वाटतं पण सगळ्यात सोपं आहे, भाच्याला पंखाखाली हात घालून विमान उचलून पालथं धरायला सांगायचं, आता इंजिन सरळ, कार्बच्या तोंडावर बोट ठेवून पंखा दोन-तीन फेरे, नळीत इंधन कार्बपर्यंत आलेलं दिसलं की बस. मग चाकांवर ठेवा, परत एकदा हाताने अडतंय का बघा, मग बॅटरी. पंख्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, भाचा विमान पाठीमागून धरतो, पुढून नाही.

आयडलचं काय करायचं. टाकी बरोबर असली तरी आयडलला थोडं तेल हेडच्या वाटीत जमणारच, कारण तिथे हवा आणि उष्णता दोन्ही कमी. दोन उपाय आहेत. एक म्हणजे लो-स्पीड नीडल (आयडलचं इंधन ठरवणारी) नीट लावणं. आयडलला असताना इंधनाची नळी बोटांनी दाबा, इंजिन जरासं वर चढून मग बंद पडलं तर बरोबर, खूप वर चढलं तर रिच, म्हणजे इंधन जास्त, चढलंच नाही आणि गप्पकन मेलं तर लीन. सरळ इंजिनापेक्षा उलट्याला मी किंचित लीनकडे ठेवतो आणि आयडलचे फेरे दोनशेएक जास्त ठेवतो. उतरताना विमान थोडं जास्त तरंगतं, पण अर्ध्या वाटेत बंद पडून काजूच्या बागेत शिरण्यापेक्षा बरं.

दुसरा उपाय म्हणजे विमानातच प्लगसाठी बॅटरी. १.२ व्होल्टचा एक जाडा निकेल मेटल हायड्राइड सेल, आणि थ्रॉटलच्या सर्व्होवर (थ्रॉटल हलवणाऱ्या छोट्या मोटरवर) एक मायक्रोस्विच, थ्रॉटल पाव भागाच्या खाली आला की स्विच दाबला जातो आणि प्लगला वीज मिळते, वर गेला की तुटते. प्लग अडीच-तीन अँपिअर ओढतो म्हणून वायर बारीक नको आणि सेल दम असलेला हवा. काही जण ह्याला नाकं मुरडतात, म्हणतात ट्यूनिंग येत नाही त्याचं हे कुबडं. मला तसं वाटत नाही. काऊलच्या पोटात गेलेल्या प्लगपर्यंत नाहीतरी वायर न्यावीच लागते, मग ती आतल्या सेललाच जोडली तर काय बिघडलं.

हाय-स्पीड नीडल सगळ्यांसारखीच, पूर्ण थ्रॉटलला सगळ्यात वरचे फेरे शोधायचे आणि तिथून दोन-तीनशे आरपीएम रिच यायचं. मग विमान घट्ट धरून नाक आभाळाकडे करून बघायचं, आवाज ढासळता कामा नये. फोर स्ट्रोक लीन चाललं तर उलटा झटका मारून पंख्याचा नट ढिला करतं, पंखा उडून जातो, म्हणून ह्या इंजिनांना पुढे डबल नट असतो. तो दुसरा नट "कशाला हवाय" म्हणून डब्यात ठेवून देऊ नका.

माउंटबद्दल, म्हणजे इंजिन धरणाऱ्या बैठकीबद्दल, एकच सांगतो, कारण तो गाढवपणा मी केलाय. विमान टेकऑफला डावीकडे ओढतं म्हणून इंजिन किंचित उजवीकडे आणि किंचित खाली वळवलेलं असतं, दोन-तीन डिग्री. माझ्या जुन्या विमानात हे फायरवॉल आणि माउंटच्या मध्ये वायसर घालून केलं होतं. इंजिन सरळचं उलटं करायचं ठरवलं तेव्हा मी चारही बोल्ट काढले, माउंट वायसरांसकट अर्धा फेरा फिरवला आणि परत घट्ट केलं. आता उजवीकडचं डावीकडे गेलं आणि खालचं वर! सड्यावर विमान सुटल्या सुटल्या डावीकडे करवंदीच्या जाळीत. इंजिन उलटं होतं, विमान नाही. वायसर होते त्या जागीच ठेवायचे, फक्त माउंट फिरवायचं.

काऊल बंद करण्याआधी टॅपेट (व्हॉल्व आणि तो दाबणारा रॉकर ह्यांच्यातली फट) बघून घ्या, कारण नंतर त्यावरची झाकणं खाली तोंड करून असतात आणि तिथे हात जात नाही. इंजिन थंड असताना ०.०४ ते ०.१० मिलिमीटर फट, दोन्ही पट्ट्यांचं फिलर गेज इंजिनाबरोबर बहुतेक येतंच: पातळ पट्टी गेली पाहिजे आणि जाड जाता कामा नये. हवेच्या वाटेचंही तसंच. पुढून आलेली हवा हेडच्या गार करणाऱ्या पात्यांवरूनच गेली पाहिजे, बाजूने पळून जाता कामा नये, त्यासाठी आतून पातळ प्लायची आडवी भिंत लावा, आणि बाहेर जायची वाट आत यायच्या वाटेच्या दुप्पट-तिप्पट मोठी ठेवा. हेड खाली असल्यामुळे ही बाहेरची वाट पोटाशी मागच्या बाजूला करायची, दिसतही नाही. एप्रिल-मेच्या आपल्या उकाड्यात मी तिप्पटच ठेवतो.

क्रँककेसला एक बारीक नळीचं टोक असतं, ब्रीदर. रिंगच्या बाजूने जे तेल क्रँककेसमध्ये उतरतं, आणि त्यावरच कॅम नि बेअरिंग जगतात, त्यातलं जास्तीचं इथून बाहेर पडतं. त्याला नळी लावून काऊलच्या बाहेर काढा, बंद अजिबात करू नका. ह्याच ब्रीदरमधून दिवसअखेर आफ्टर-रन ऑइलचे (गंज न यावा म्हणून घालायच्या तेलाचे) थेंब आत सोडायचे. हे कोकणात बाकी कुठल्याही जागेपेक्षा महत्त्वाचं, कारण मिथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि आपल्याकडे हवेत पाणी किती असतं ते जूनमध्ये कपाटातल्या चपलांवर आलेल्या बुरशीला विचारा. त्या ओलीने स्टीलची बेअरिंगं गंजतात. शेवटच्या उड्डाणानंतर नळीला चिमटा लावून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे आतलं इंधन जळून जातं, मग तेल सोडा, पंखा फिरवा. इंधनाच्या कॅनचं बूच घट्ट, आणि अर्धा राहिलेला कॅन पावसाळाभर ठेवून दसऱ्याला वापरायला काढू नका. आणि एक, स्कूटरमधलं पेट्रोल काढतो तसं तोंडाने ओढून हे इंधन कधीही काढू नका. मिथेनॉलने डोळे जातात, जीव जातो. उन्हात त्याची ज्योतही दिसत नाही, पेटलंय हे हात भाजल्यावर कळतं.

घरी विमान ठेवताना मी पालथंच ठेवतो, त्याच आंब्याच्या पेट्यांवर, फोम टाकून. म्हणजे इंजिन सरळ राहतं आणि उरलंसुरलं तेल हेडमध्ये न उतरता क्रँककेसमध्ये राहतं, जिथे ते हवंय. तसं ठेवायला लागल्यापासून पुढच्या खेपेला प्लग कोरडा निघतो.

आता हे सगळं वाचून कुणी विचारेल की एवढ्या उपद्व्यापापेक्षा आडवं का नाही बसवायचं, हेड उजवीकडे करून. बसवा की. साधं स्पोर्ट विमान असेल, काऊलचा हट्ट नसेल, तर मी स्वतः आडवंच सांगेन, टाकीचा हिशोब सोपा, प्लग भिजत नाही, आणि सगळ्यात मोठं म्हणजे नाकावर पडल्यावर हेड वाचतं. उलट्या इंजिनात रॉकरची झाकणं जमिनीच्या सगळ्यात जवळ असतात आणि आपला सडा म्हणजे जांभा, त्याच्यावर नाक टेकलं की झाकण कानसने घासल्यासारखं होतं. माझ्या एका झाकणाला तशी खूण आहेच. वाळूवर उतरायचं म्हणाल तर ओहोटीला मालवणच्या दांडीच्या किनाऱ्यावर मस्त कडक पट्टा मिळतो, पण काऊलच्या पोटाची ती मोठी वाट तेवढीच वाळू आत घेते. (उडवायची जागा आधी डिजिटल स्काय ह्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर बघून घ्या, सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालाय, त्या बाजूला आम्ही फिरकतच नाही.)

पण एचटी-२ ला आडवं इंजिन मला बघवलं नसतं. नवा रॉड घातल्यावर, टाकी १८ मिलिमीटर खाली घेतल्यावर, ह्या फेब्रुवारीत सकाळी परत सड्यावर गेलो तेव्हा काकाही आले होते. चहा आधी पिऊन घेतला. मग टाकी भरली, चिमटा लावला, हाताने पंखा फिरवला, मऊ लागला. चिमटा काढला, दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं आणि आयडलला पाच मिनिटं तसंच घुमत राहिलं, काकांनी वाकून पोटाखाली बोट फिरवून तेल किती येतंय ते बघितलं, वास घेतला आणि म्हणाले, "एरंडेल."